जायला जास्त, यायला कमी

१२ जानेवारी

ही आज गेली. वर्षभरासाठी.

सकाळचं विमान होतं. माझी धाकटी बहीण गाडी घेऊन आली आणि आम्ही तिघं विमानतळावर गेलो. आई घरीच थांबली. ब्याऐंशीव्या वर्षी तिला तीन मजले उतरवायचे म्हणजे एक मोहीमच. दारातच सुनेचा हात हातात घेऊन म्हणाली, "जा तू. इकडचं मी बघते." आई इकडचं काय बघणार? आईचं बघायलाच तर मी इथे राहिलोय. पण म्हणायची पद्धत असते.

माझी बायको कृत्रिम डोळे बनवते. अपघातात किंवा आजारात ज्याचा डोळा गेला, त्याच्या उरलेल्या डोळ्याशी हुबेहूब जुळणारा दुसरा. बुबुळ हाताने रंगवते, पांढऱ्या भागातल्या बारीक शिरांसाठी लाल रेशमाचे तंतू चिकटवते. तिकडच्या मोठ्या इस्पितळाला असं काम सुरू करायचंय, दोघीतिघींना शिकवून तयार करायचंय, म्हणून हिला बोलावलं. मी म्हटलं, जा. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

निरोप नीट झाला. ती काचेपलीकडे दिसेनाशी झाल्यावर मी काउंटरवरून वेळापत्रक मागून घेतलं आणि त्यात एक गोष्ट दिसली. इथून तिथे जायला विमानाला साडेतीन तास लागतात. तेच विमान तिथून इथे तीन तासांच्या आत येतं. दोन्ही शहरांचं घड्याळ एकच, म्हणजे तीही पळवाट नाही. अंतर तेच, विमान तेच. मग?

घाटात हे समजतं. चढाला वेळ लागतो, उताराला नाही. पण आकाशात कसला आलाय चढ?

धाकटी म्हणाली, "दादा, वहिनी आत्ता गेली आणि तू वेळापत्रक वाचतोयस?"

मी म्हटलं, "मग काय वाचू?"

१४ जानेवारी

मी बस डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवतो. आमच्याकडे गाडी उशिरा पोचली तर कारण विचारतात, लवकर पोचली तर चौकशी लावतात. त्यामुळे अर्धा तास लवकर येणारं विमान मला पटेना.

आज कपाटावरचा पृथ्वीगोल काढला. हिच्या टेबलाच्या खणात लाल रेशमाची रिळं आहेत, त्यातला एक धागा दोन शहरांमध्ये ताणून धरला आणि गोलावरच्या मापाशी लावला. अडीच हजार किलोमीटरच्या आसपास भरलं. मग तोच धागा भिंतीवरच्या सपाट नकाशावर धरला, तर तो वेगळ्याच गावांवरून गेला. गोलावर सरळ असलेली रेघ नकाशावर धनुष्यासारखी वाकते. हे शाळेत शिकलो असणार, पण तेव्हा त्या शहरांत आपलं कोणी राहत नव्हतं.

आई म्हणाली, "जेवायला ये. पृथ्वी कुठे पळून जात नाही."

२५ जानेवारी

खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. विमानतळावरच्या हवामान कार्यालयातून निवृत्त झालेत. अख्खी इमारत त्यांना 'वेधशाळा' म्हणते, आणि त्यांनाही ते आवडतं. आज त्यांच्या घरी जाऊन सरळ प्रश्न टाकला.

त्यांचा चेहरा असा उजळला, जणू कोणीतरी हे विचारावं म्हणून ते कित्येक वर्षं दार उघडं ठेवून बसले होते. म्हणाले, "मास्तर, वर नदी आहे." विमानं जिथे उडतात त्या उंचीवर वाऱ्याचा एक प्रचंड प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. ते शहर आपल्या पश्चिमेला. म्हणजे जाताना प्रवाहाविरुद्ध पोहायचं आणि येताना प्रवाहाबरोबर. शिवाय हा प्रवाह थंडीत जोर धरतो, उन्हाळ्यात सुस्तावतो. रोज थोडा सरकतोसुद्धा.

"म्हणजे रोजचा वेळ वेगळा?"

"रोजचा. वेळापत्रकात छापतात तो आपला अंदाज."

घरी येताना बरं वाटलं. घराकडे येणाऱ्या माणसाच्या पाठीशी वारा आहे, ही व्यवस्था मला योग्य वाटते. ही सुट्टीत येईल तेव्हा लवकर पोचेल. संध्याकाळी तिला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि इकडे यायचं म्हटलं तर वाऱ्याशी भांडावं लागतं, असंच ना?"

म्हटलं, "बरोब्बर." विषय तिला चटकन कळला.

१६ फेब्रुवारी

हिला राहायला इस्पितळाने घर दिलंय. दोन खोल्या, उजेड भरपूर. फोनवर वर्णन करत होती. खिडकीपाशी एक मोठं टेबल आहे, तिच्या कामाला लागत नाही, रिकामंच असतं. "तुमचा नकाशा पूर्ण पसरेल त्याच्यावर," म्हणाली.

मी विचारलं, खिडकी कुठल्या दिशेला आहे? म्हणाली, पूर्वेला. म्हणजे आमच्याकडून जाणारं विमान उतरण्याआधी तिला दिसत असणार. तिला सांगितलं, उद्या दुपारी लक्ष ठेव, ते किती वाजता दिसतं ते मला कळव. मग म्हणाली, "दिसतं. रोज बघते."

मग मला आधीच का नाही सांगितलं? फुकटची निरीक्षणं वाया गेली.

आज तिच्याकडे एक बाई आली होती, केस कापायचं दुकान असलेली. नवा डोळा बसवल्यावर आरशात खूप वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "ही मीच." हे सांगताना हिचा आवाज जरा हलला. मला तिच्या कामाचा फार अभिमान वाटतो. हे तिला सांगायला हवं होतं, पण तेवढ्यात आईने हाक मारली.

९ मार्च

आईचं काहीतरी बिनसलंय.

आज सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली ती थेट दुपारच्या जेवणालाच उठली. मध्ये चहा नाही, पाणीही बेतानेच. मी विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"बरंय की."

"मग अशी का बसलीस?"

"बसून बघतेय."

"काय बघतेस?"

"किती वेळ बसवतं ते."

ही गेल्यापासून आईला एकटं वाटत असणार. दोघींचं छान जमायचं, माझ्याबद्दल तक्रारी करायला एकमेकींच्या हक्काच्या होत्या.

१३ मार्च

आज पुन्हा तेच. भर म्हणून कमरेभोवती ओढणी घट्ट बांधून बसली होती. म्हणाली, पाठीला आधार मिळतो. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, भूक, झोप ठीक असेल तर बसू द्या. डॉक्टरांना काय, त्यांच्या घरी थोडीच बसलीय.

२२ मार्च

एक चांगली बातमी. आईला माझ्या विषयाची गोडी लागलीय. आज आपणहून विचारलं, "विमानात पाय पसरता येतात का रे?" मी म्हटलं, मी बसलेलो नाही, पण ऐकून आहे की अंमळ अडचणच असते. मग विचारलं, "मोरी किती लांब असते?" मी वेधशाळांना विचारून आलो. त्यांनी कागदावर विमानाची आकृतीच काढून दिली. आईने ती उशाशी ठेवली.

तिला वाऱ्याची नदी समजावली, धाग्याचा प्रयोग दाखवला. आई जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, कानाला हेडफोन लावून परगावच्या लाइनी जोडायची. म्हणाली, "आमच्या वेळी त्या शहराची लाइन मिळायला अर्धा दिवस जायचा. लोक नंबर देऊन घरी जाऊन झोपायचे. तुला लाइन लगेच मिळते, आणि बोलतोस काय, तर वारा."

मी म्हटलं, "मग काय बोलू?"

आई म्हणाली, "मी ऑपरेटर. लाइन जोडायची, मधे बोलायचं नाही." आणि डोळे मिटून बसली.

१० एप्रिल

ठरवलं. मे महिन्यात आठवडाभर हिच्याकडे जाऊन यायचं. धाकटी आईजवळ राहील. तिकीट काढलं. हिला सांगितल्यावर ती इतक्या भराभर बोलायला लागली की मला दोनदा "हळू" म्हणावं लागलं. टेबलाला रंग देणार म्हणे. मी म्हटलं, आठवडाभरासाठी टेबल कशाला रंगवतेस?

माझ्या डोक्यात वेगळाच बेत आहे. स्वतः घड्याळ घेऊन बसेन आणि चाकं सुटल्यापासून चाकं टेकेपर्यंतचा वेळ मोजेन. वेधशाळा त्या दिवशीचा वारा लिहून देणार आहेत. इतके दिवस उंटावरून शेळ्या हाकल्या, आता प्रत्यक्ष.

१७ मे

मी गेलो नाही.

म्हणजे विमानतळावर गेलो. बॅग दिली, तपासणी झाली, आत जाऊन बसलो. काचेतून विमान दिसत होतं. पंखाखाली कसला तरी ओघळ होता. एक माणूस तिथे वाकून काहीतरी बघत होता आणि बघून निघून गेला, कोणाशी बोलला नाही. ज्या गाडीचा ड्रायव्हर मी पाहिलेला नाही, जिचा ब्रेक कोणाच्या पायाखाली आहे हे मला माहीत नाही, त्या गाडीत आपण होऊन बसायचं, याला धंद्याच्या दृष्टीने काय म्हणावं? आमच्या शिकवायच्या बसला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा माझ्या. गेली कित्येक वर्षं मी दुसऱ्या ब्रेकशिवाय कुठल्याही गाडीत शेजारी बसलेलो नाही. धाकटीची गाडीसुद्धा मीच चालवतो, त्या दिवशी विमानतळावरही मीच चालवत गेलो होतो.

सगळे रांगेत उभे राहिले. मी उठलो, आणि रांगेच्या उलट्या दिशेला चालत गेलो. दारावरच्या मुलीने माझं नाव दोनदा पुकारलं. ते ऐकू आलं.

बॅग परत मिळायला बराच वेळ गेला. सगळे कर्मचारी फार नम्रपणे वागले, ते जास्त लागलं.

हिला फोन करून सांगितलं, रस्त्यात गर्दी होती, विमान चुकलं. ती म्हणाली, "बरं." एवढंच. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझं? गर्दीमुळे?" आणि चहा टाकायला स्वतः उठली. मी नको म्हणत असतानाही कपभर चहा न सांडता आणून दिला.

२० मे

तिकिटाचे पैसे गेले ते गेले. वेधशाळांनी जिन्यात गाठून विचारलं, "मास्तर, किती वेळ लागला?" मी म्हटलं, "काही कारणाने जाणं झालं नाही." त्यांनी मान हलवली आणि त्या दिवशी वारा फार छान होता असं सांगितलं.

८ जून

इस्पितळाने हिला विचारलंय, वर्षाऐवजी कायमची राहशील का? तिच्या हाताखालच्या मुली तयार होतायत पण रोगी दुपटीने वाढलेत. फोनवर सांगून म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "तुझं काम, तुझा निर्णय. मी आडकाठी करणार नाही."

असं म्हणणारे नवरे आमच्या डेपोत शोधून सापडणार नाहीत. मला वाटलं ती खूश होईल. ती म्हणाली, "आडकाठी केली असतीत तरी चाललं असतं," आणि उद्या लवकर उठायचंय म्हणून फोन ठेवला. सातच वाजले होते.

११ जून

'आडकाठी केली असतीत तरी चाललं असतं.' तीन दिवस विचार करतोय. आडकाठी केलेली चालते, तर न केलेली जास्त चालायला हवी. हिशेब लागत नाही.

ती सुट्टीलाही येणार नाहीये. म्हणाली, काम आहे.

आज गाडी शिकवताना एका मुलीवर विनाकारण ओरडलो. ती मुलगी आधी दुधाची गाडी चालवायची, हात चांगला आहे. वळणावर मी माझा ब्रेक दाबला. गरज नव्हती. ती म्हणाली, "मास्तर, मी दाबणारच होते." बरोबर होतं तिचं.

१९ जून

आई जिने उतरली. मी कामावर असताना. रेलिंग धरून खाली गेली, वेधशाळांकडे पाणी प्यायली, आणि परत वर आली. हे मला वेधशाळांकडून कळलं, आणि ही पहिली वेळ नव्हती हेही. महिनाभर चाललंय म्हणे, रोज.

मी घरी येऊन खूप बोललो. पडली असतीस तर? कोण होतं बघायला? आई शांतपणे ऐकत होती, खुर्चीत, ओढणी बांधून. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? आता मला सांग, वर उडताना कान दुखतात ते कसं थांबवायचं?"

मी सांगितलं, गिळायचं, जांभई द्यायची. पण हा विषय काढायची ही वेळ होती का?

२३ जून

मी मूर्ख आहे. इतका, की त्यावर एक पान रिकामं सोडावं.

आज संध्याकाळी धाकटी आली. टेबलावर एक पाकीट ठेवलं. आई म्हणाली, "बस." मी बसलो.

"मी सूनबाईकडे चाललेय," आई म्हणाली. "पुढच्या गुरुवारी."

मी हसलो. मग दोघींकडे पाहिलं आणि हसणं तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

"तुला झेपणार नाही," मी म्हटलं. "साडेतीन तास एका जागी..."

"बसून दाखवलंय मी. तुझ्या डोळ्यांसमोर, मार्चपासून." मग ओढणीकडे बोट दाखवून म्हणाली, "पट्टा बांधूनसुद्धा."

"डॉक्टर..."

"त्यांनी चिठ्ठी दिलीय," धाकटी म्हणाली. "आई सात तासही बसेल म्हणाले."

मी आईला विचारलं, "पण का?"

आई म्हणाली, "मला तिला भेटायचंय. तिचं काम बघायचंय. आणि माझ्यामुळे तुला जाता येत नाही असं तू सगळ्यांना सांगतोस, ते मला ऐकवत नाही. अरे, मी काय खुंटा आहे?" तिचा आवाज चढला नाही. ऑपरेटर असताना बोलायची तसाच, स्वच्छ. "एजंटाकडे दोन जागा धरून ठेवल्यात. दुसऱ्याचं नाव अजून घातलेलं नाही. धाकटी यायला तयार आहे. तू येणार असलास तर तू. उद्या संध्याकाळपर्यंत सांग."

धाकटी माझ्याकडे बघत नव्हती. पाकिटाचा कोपरा सरळ करत होती.

आईला मी तिच्या खुर्चीत सुकताना बघत होतो असं मला वाटत होतं. ती तर तयारी करत होती.

२४ जून

आज दुधाच्या गाडीवालीची लांब फेरी होती. शहर सोडून टेकडीवरच्या वस्तीपर्यंत आणि परत. तिच्या शेजारी आमच्या सहायकाला बसवलं आणि मी मागे गेलो. अगदी शेवटच्या रांगेत. तिथे पायाखाली काहीच नसतं, नुसती पत्र्याची जमीन.

पहिल्या उतारावर उजवा पाय आपोआप गेला. दुसऱ्यावरही. हात समोरच्या दांडीला इतके घट्ट होते की बोटं पांढरी पडली. घाम आला. मी माझ्याच बसमध्ये माझ्याच विद्यार्थिनीला घाबरत होतो, आणि ती चांगली चालवत होती. हे कोणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. वस्तीजवळ गाडी थांबली, जिथे थांबायची तिथेच, धक्का न बसता.

ती मागे वळून म्हणाली, "मास्तर, काही चुकलं का? आज मागे बसलात."

मी म्हटलं, "नाही. तुझी गाडी बघायची होती."

परतीच्या वाटेवरही मागेच बसलो. भीती गेली वगैरे नाही. पण तिचं नाव भीती आहे, पंखाखालचा ओघळ नव्हे, एवढं कळलं.

संध्याकाळी धाकटीला सांगितलं, माझं नाव घाल.

२ जुलै, विमानात

अक्षर हलतंय, नंतर वाचता येईल की नाही कोण जाणे.

महिनाभर जिने चढून-उतरून तयार झालेली आई विमानतळावर चाकांची खुर्ची दिसताच तिच्यात जाऊन बसली. म्हणाली, "ढकलणारं मिळालं तर चालेल कोण?" सगळ्या रांगा आम्हाला वाट करून देत होत्या. दारावर त्या दिवशीचीच मुलगी होती. तिने मला ओळखलं नाही, किंवा ओळखून चेहऱ्यावर दाखवलं नाही.

वर जाताना मी डोळे मिटले नाहीत, पण काही पाहिलंही नाही. आई खिडकीला नाक लावून बसली होती. एकदा जोराचे हादरे बसले तेव्हा तिने माझ्या पायाकडे पाहिलं. मी उजवा पाय जमिनीत रोवून बसलो होतो.

"तिथे ब्रेक नाहीये," ती म्हणाली.

"माहितीये."

"असू दे. दाबून ठेव. बाकीच्यांना तेवढाच आधार."

मला हसू आलं. हवाईसेविकेला आईने विचारलं, वारा समोरून आहे ना? ती म्हणाली, हो, तुम्हाला कसं कळलं? आई म्हणाली, "आमच्याकडे सहा महिने हाच विषय आहे."

आत्ता तिचं डोकं माझ्या खांद्यावर आहे. झोपलीय. खाली ढग, नांगरून ठेवल्यासारखे. हे धाग्यावर दिसत नव्हतं.

३ जुलै

ही बाहेर उभी होती. आईने धाकटी येतेय असंच तिला कळवलं होतं. आईची खुर्ची पुढे, ढकलणारा मागे, आणि त्याच्याही मागे मी, बॅगांसकट. हिने आधी आईला मिठी मारली. मग वर पाहिलं. माझ्या हातातली एक बॅग घेतली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"वाऱ्याशी भांडून आलात?" तिने विचारलं.

"वारा एवढा नव्हता," मी म्हटलं. "दुसरंच होतं."

"माहितीये मला," ती म्हणाली.

किती दिवसांपासून माहीत होतं, ते मी विचारलं नाही.

खिडकीजवळचं टेबल निळं रंगवलेलं आहे.

५ जुलै

आज तिच्या कामाच्या खोलीत बसलो. समोर एक सुतार होता, कामावर असताना एक डोळा गेलेला. ही त्याला खिडकीच्या उजेडात बसवून त्याचा चांगला डोळा न्याहाळत होती आणि बारीक कुंचल्याने बुबुळ रंगवत होती. मला वाटायचं, डोळा तपकिरी म्हणजे तपकिरी. तिने त्यात हिरवट, पिवळसर, कडेला जवळपास काळं, असं काय काय घातलं. मध्येच सुताराला म्हणाली, "लांब बघा. आता माझ्याकडे." संसार इतक्या वर्षांचा, पण तिला काम करताना इतका वेळ मी कधी पाहिलं नव्हतं.

सुतार गेल्यावर ती कुंचले धूत होती. पाठमोरीच म्हणाली, "उत्तर द्यायचं आहे त्यांना. मी अजून दिलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?"

या वेळी मी म्हटलं, "तू इथे राहावंस असं वाटतं. आणि तू नसलीस की मला घर खायला उठतं. दोन्ही वाटतं. आडकाठी म्हणायची असेल तर म्हण."

ती वळली. हात ओलेच होते. "हे जूनमध्ये सांगितलं असतंत तर?"

"जूनमध्ये मला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली, "पण तुमच्या तोंडून हवं होतं." आणि मग ओल्याच हातांनी माझी कॉलर नीट केली, जी नीटच होती.

९ जुलै

असं ठरलंय. ती इथे राहणार. मी मार्चमध्ये निवृत्त होतोय, तेव्हा इकडे येणार. आईला विचारलं, तुझं काय? आई म्हणाली, "माझं काय म्हणजे? मी आलेय ना." ती परत येत नाहीये. इस्पितळात दारापाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना कुठे जायचं ते सांगते. सगळ्यांना वाटतं ती तिथे नोकरीला आहे. कुठल्या डॉक्टरांची लाइन कुठे, हे तिला पाचव्या दिवशीच पाठ झालंय.

म्हणजे मार्चपर्यंत मी तिकडे एकटा. महिन्यातून एकदा यायचं असं मी म्हटलं. हिने ते ऐकून घेतलं, आणि माझा एक शर्ट कपाटात टांगून ठेवला.

१० जुलै

परतीच्या विमानात माझ्या शेजारी एक गृहस्थ होते. माझ्याच वयाचे, हात मांड्यांखाली दाबून बसलेले. पट्टा त्यांनी दोनदा सोडून पुन्हा बांधला. विमान सुटायच्या आधी माझ्याकडे वळून म्हणाले, "किती वेळ लागतो हो?"

हा माझा प्रश्न. वारा, उंची, प्रवाह, गोलावरची वाकडी रेघ, सगळं जिभेवर आलं होतं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

मी म्हटलं, "कोणाकडे चाललात?"

ते म्हणाले, "मुलीकडे." तिने आमच्या शहरात गलबतांची शिडं शिवायचा कारखाना काढलाय, आणि पहिलं शीड उद्या पाण्यावर जाणार आहे. यांनी शिडाचं जहाज जन्मात पाहिलेलं नाही. ते केवढं असतं, कापड कसलं, वारा सुटला तर ते फाटत कसं नाही, मुलीला हे सुचलं तरी कसं. मी विचारत गेलो, ते सांगत गेले. त्यांना जे माहीत नव्हतं ते मुलीला विचारायचं म्हणून त्यांनी लक्षात ठेवलं, आणि मीही.

चाकं टेकली तेव्हा दोघेही दचकलो. आज किती वेळ लागला, ते बघायचं राहून गेलं.